सव्वा मूठ गहू, लीलाधरच्या नावाचे

जळगाव
१२ जून २०२५

ती. तानुअक्कास,
सा. न.

विषय: आत्मचरित्रासाठी बालपणाची माहिती मिळणेबाबत.

१. कळविण्यास आनंद होतो की माझे आत्मचरित्र पूर्णत्वास येत आहे. नाव ‘एकट्याची चढाई’. खानदेशातल्या एका खेड्यातून निघून लेफ्टनंट जनरलच्या हुद्द्यापर्यंत पोचलेल्या माणसाची ही कहाणी तरुणांना प्रेरणा देईल, असे प्रकाशक नेमीचंदजींचे मत आहे.

२. पहिले प्रकरण थोडे कोरडे झाले आहे. त्यात जिवंत तपशील हवेत. लहानपणी माझ्यात नेतृत्वगुण कसे दिसत, याची दोन-तीन उदाहरणे तू पाठवावीस.

३. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लेखी कळवावे. पंधरा दिवसांची मुदत पुरेशी आहे.

तुझा,
लीलाधर

धुळे
१८ जून २०२५

चि. लीलाधर यास,
अनेक आशीर्वाद.

सख्ख्या बहिणीला पत्रात आकडे घालून परिच्छेद पाडणारा आणि वर ‘विषय’ लिहिणारा तू पहिलाच. तेहतीस वर्षं शाळेत शिकवलं, पण असला नमुना वर्गात कधी आला नाही. खाली सही-शिक्का नव्हता, तेवढं बरं वाटलं.

नेतृत्वगुणांची उदाहरणं मागितली आहेस. मी फार आठवून पाहिलं. सातवीपर्यंत तू कुत्र्याला भिऊन शाळेला लांबच्या रस्त्यानं जायचास. माघार कधी घ्यावी हे तुला तेव्हापासून कळत होतं असं लिही, शोभून दिसेल. दुसरं, विहिरीत पोहायला शिकताना तू आपल्या थोरल्या झुलालभाऊच्या मानेला अशी मिठी मारलीस की तोच बुडायला आला होता. त्याला तुम्ही लोक काय म्हणता ते मला ठाऊक नाही.

आणि एक जिवंत तपशील फुकट देते. तू बारावीत असताना झुलालभाऊला फौजेत शिपाई होऊन पाच वर्षं झाली होती. कंपनीतल्या कारकुनाच्या मागे लागून त्यानं एनडीएचा फॉर्म आणला, दोन दिवसांची सुट्टी काढून आणला. पोस्टानं पाठवला तर तुला समजणार नाही अशी त्याला भीती. फॉर्म भरला मी, सही केली तू, आणि बुटाला पॉलिश कसं करायचं ते त्यानं तुला ओट्यावर बसून शिकवलं. ‘एकट्याची चढाई’ या नावात हे कुठं बसतं ते तूच बघ.

भाऊची साखर वाढली आहे. डॉक्टरांनी गोड एकदम बंद केलंय. श्रावण जवळ आला, कानबाई बसेल, देवीचे रोट होतील. आमचे रोट गुळाचे, हे तरी आठवत असेलच. त्यावरून घरात एक अडचण उभी राहिली आहे, ती भेटलास तर सांगीन. तुझ्या जळगावच्या बंगल्यापासून गाव नव्वद किलोमीटर आहे. बर्फातल्या चौक्यांवर तू पोचलास, तर इथंही पोचशील असा मला उगाच विश्वास आहे.

पुस्तकाची टाइप केलेली पानं पाठव. शुद्धलेखन तरी तपासून देते.

तुझी अक्का

जळगाव
२७ जून २०२५

ती. अक्का,
सा. न.

१. सोबत हस्तलिखिताच्या २४० पानांची प्रत पाठवीत आहे.

२. कुत्र्याचा प्रसंग घेता येणार नाही. झुलालभाऊविषयी: आत्मचरित्रात सर्वच नातेवाईक येऊ शकत नाहीत. कथनाचा ओघ तुटतो. त्याचा उल्लेख नाही म्हणजे अनादर आहे, असे कृपया समजू नये.

३. प्रकाशन समारंभ धुळ्यातच घेतो आहे, जन्मभूमीचा मान म्हणून. रविवार, ३ ऑगस्ट, दुपारी चार वाजता. मोठे नाट्यगृह घेतले आहे. रविवारी ते सहा-सहा महिने मिळत नाही म्हणतात, पण माझे नाव सांगताच व्यवस्थापकाने लगेच दिले. वर भाड्यात सवलतही देऊ केली. फौजेविषयी लोकांच्या मनात अजून आदर आहे.

४. रोटांच्या अडचणीचे कळले नाही. कार्यक्रम उरकल्यावर वेळ मिळाल्यास पाहू.

लीलाधर

धुळे
२ जुलै २०२५

चि. लीलाधर,

पानं मिळाली. चाळीस वाचून झाली. ‘मी’ हा शब्द पहिल्या पानावर एकोणीस वेळा आहे, शुद्धलेखनाची चूक मात्र एकही नाही.

तारीख वाचली आणि तुझ्या नियोजनाला मनापासून दाद दिली. श्रावणातला नागपंचमीनंतरचा पहिला रविवार! अख्ख्या खानदेशात इतका मोकळा दिवस शोधून सापडायचा नाही. माणसं अगदी लोटतील. खुर्च्या कमी पडतील बघ, चारशेच्या खाली ठेवू नकोस. आणि नाट्यगृहाच्या त्या व्यवस्थापकाचा तर सत्कारच कर.

माझे गुडघे धरले आहेत, मी येईन असं धरून चालू नकोस.

अक्का

जळगाव
८ जुलै २०२५

ती. अक्का,
सा. न.

१. तुझ्या पत्राने फार उत्साह आला. तुझ्या तोंडून कौतुक निघणे किती दुर्मीळ, हे मी जाणतो.

२. सूचनेनुसार खुर्च्या चारशे केल्या आहेत. शिवाय बाहेर पडदा लावतो आहोत, उभे राहणाऱ्यांसाठी.

३. पुस्तक छपाईला गेले. हजार प्रती. तुझे वाचन चालू ठेवावे, पण आता दुरुस्त्या शक्य नाहीत.

लीलाधर

धुळे
१५ जुलै २०२५

लीलाधर,

आज गंमत नाही. पान एकशे बारा वाचलं.

तुझाच मजकूर तुला लिहून पाठवते, म्हणजे कसा दिसतो ते कळेल. ‘१९८९ सालच्या श्रावणात एकदा ऑफिसर्स मेसच्या मागल्या दाराशी एक शिपाई पत्र्याचा डबा घेऊन उभा होता. ब्रिगेडियर साहेबांनी विचारले, हा कोण? मी म्हणालो, आमच्या गावाकडचा माणूस आहे. त्याने कडक सॅल्यूट केला आणि डब्यासह माघारी गेला. साध्या जवानाच्या त्या निर्व्याज प्रेमाचे दर्शन मी आजही विसरलेलो नाही.’

तो डबा मी भरला होता, लीलाधर. झाकणावरच्या निळ्या पोपटाच्या रंगाचा टवका उडाला होता, आईचा डबा. भाऊ सुट्टी संपवून निघाला होता, तुमच्या दोघांची छावणी त्या वर्षी एकाच गावी होती. आई म्हणाली, लीलाधरचा वाटा जाऊ दे त्याच्यापर्यंत. भाऊ तीन दिवस रेल्वेत डबा मांडीवर घेऊन बसला. परत आला तेव्हा आईनं विचारलं, दिलास का? तो म्हणाला, पोचला. आई गेली ती तू रोट खाल्लेस असं समजून गेली. मीसुद्धा छत्तीस वर्षं तेच समजत होते. परवा दुपारी, चष्मा लावून, तुझ्याच पुस्तकात मला खरं समजलं.

तू विसरला असशील म्हणून सांगते, शाळेतल्या पोरांना सांगायचे तसं. कानबाईसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात. घरातल्या थोरल्यानं नाव घ्यायचं आणि मूठ घालायची. चक्की धुवून पुसून ते वेगळे दळायचे, आणि त्याचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. परक्याला देता येत नाहीत, टाकता येत नाहीत, आमच्यासारख्या लग्न होऊन गेलेल्या लेकींनासुद्धा मिळत नाहीत. पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायचे. तू ब्रिगेडियरसमोर त्याला गावाकडचा माणूस केलंस. मग तो डबा तुझ्या हातात ठेवणार कसा? गावाकडच्या माणसाचे रोट चालत नाहीत. तू त्याला परका केलास म्हणजे तूही परका झालास, एवढा साधा हिशेब त्याला त्या दारातच कळला आणि तो सॅल्यूट मारून निघाला.

मी काल गावी गेले होते. भाऊला विचारलं. पहिल्यांदा चष्मा पुसत बसला. मग म्हणाला, “मी बराकमा बसीसन खादा. टाकता येत नही ना.” मी म्हटलं, मग दर वर्षी याच्या नावाची मूठ कशाला घालतोस? तो म्हणाला, “नाव लेवानं काम मन्हं शे. खावानं काम त्यानं.”

पण खाल्लंस कुठं तू? तू येत नाहीस म्हणून तुझ्या वाट्याचे रोट छत्तीस वर्षं तोच खातोय. स्वतःचे आणि तुझे. ती अडचण हीच. आता डॉक्टरांनी गोड बंद केलंय. त्याच्या वाट्याचे ज्ञानेश्वर खाईल, त्याचा पोरगाच आहे, स्वतःचे धरून दोन वाटे झाले. तुझ्या वाट्याचे कोणी खायचे? म्हणून यंदा तुझं नाव घ्यावं की नाही, याचा विचार चाललाय त्याचा. नाव न घेणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. आपल्यात जिवंत माणसाचं नाव अजून कोणी गाळलेलं नाही.

मला तुझा राग आला आहे. इतका आला आहे की थट्टासुद्धा सुचत नाही.

तानु

जळगाव
१९ जुलै २०२५

ती. अक्का,

१. पत्र मिळाले.

२. पुस्तक छापून झाले आहे. मेसचे काही नियम असतात, अधिकारी आणि जवान यांच्यात अंतर ठेवावे लागते, ते बाहेरच्यांना समजणे कठीण आहे.

३. विषय बंद.

लीलाधर

जळगाव
५ ऑगस्ट २०२५

अक्का,

तुला हसायचे असेल तर आधी हसून घे. मी पुढचे सांगतो.

रविवारी चार वाजता नाट्यगृहात अकरा माणसे होती. त्यात मी, नेमीचंदजी, प्रमुख पाहुणे, त्यांचा ड्रायव्हर, ध्वनिवर्धकवाला आणि दोन सफाई कामगार धरलेले आहेत. उरलेले चौघे पंख्याखाली बसायला आले होते, त्यातला एक भाषण सुरू होताच उठून गेला. बाहेरच्या पडद्यासमोर एक बैल उभा होता. साडेचारला व्यवस्थापक हळूच म्हणाला, “साहेब, आज कानबाई ना. आज धुळ्यात कोण घराबाहेर पडतंय? या रविवारी हॉल कधीच जात नाही.” मी नेमीचंदजींकडे पाहिले. तीन पिढ्या खानदेशात काढलेला माणूस. ते म्हणाले, “मला वाटलं तुम्ही मुद्दाम ठेवलीत, घरच्या कार्याला जोडून. आणि तारीख चुकली असं जनरलला सांगायचं कोणी?”

मग तुझे ते कौतुकाचे पत्र मला समजले. एक महिन्याने. शत्रूचे संदेश उलगडायला मी माणसे शिकवलेली आहेत.

व्यासपीठावर उभे राहून मी त्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत होतो. त्या सगळ्या लोकांना घरी कोणीतरी नावाने बोलावले होते. मला कोणी बोलावले होते की नाही, हे मला माहीत नव्हते, आणि तेवढे एकच मला त्या क्षणी जाणून घ्यायचे होते. भाषण अर्धवट टाकले. बाहेर येऊन माझ्या ड्रायव्हरला म्हटले, गाव.

दार उघडेच होते. आत पंगत बसली होती. मी ब्लेझरवर सगळी पदके लावून ओट्यावर उभा. सूनबाई बाहेर आली. तिने मला कधी पाहिलेले नाही. म्हणाली, “कोन पाहिजे?” मी सवयीने सुरुवात केली, “लेफ्टनंट जनरल...” आणि थांबलो. तेवढ्यात भाऊ मागून आला. म्हातारा झालाय गं. त्याने मला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिले, जसे परेडला पाहतात, आणि सुनेला म्हणाला, “गावकडला माणूस शे. च्या दे त्याले.”

आणि आत निघून गेला.

चहा आला. मी ओट्यावर बसून प्यालो. आत गुळाचा आणि तुपाचा वास, बाहेर मी. कान तापले होते माझे. छत्तीस वर्षांपूर्वी त्याला तेवढा चहादेखील मी दिला नव्हता, हे प्रत्येक घोटाला आठवत होते. मी ते पान का लिहिले, हे मला तिथे कळले. वगळता आले असते, कोणाला पत्ता लागला नसता. पण ती गोष्ट मला कुणाला तरी सांगायचीच होती, आणि खरी सांगायची हिंमत नव्हती, म्हणून मी तिला प्रेमाचे दर्शन वगैरे करून टाकले. मला तेव्हाच लाज वाटली होती. ब्रिगेडियर साहेबांच्या समोर एका शिपायाचा भाऊ असण्याची लाज, आणि मग तो गेल्यावर माझी स्वतःची. दुसरी अजून गेलेली नाही.

कप खाली ठेवला, उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, आपल्या बोलीत, जी मी कित्येक वर्षांत बोललो नव्हतो. “सूनबाई, मी गावकडला नही. मी याच घरना शे. याना धाकला भाऊ शे.”

आतली पंगत थांबली. भाऊ पुन्हा दाराशी आला. खाली ठेवलेला कप उचलून घेतला. मग म्हणाला, “एवढं सांगाले तुले छत्तीस साल लागनात?” मी म्हटले, हो. नाव घेतलेस का, असे विचारणार होतो, तेवढ्यात तो सुनेकडे वळला. “याना ताट आन.”

अक्का, ताट वाढायला स्वयंपाकघरात कोणी गेले नाही. ते देवीच्या शेजारी झाकूनच ठेवलेले होते, सकाळपासून.

पाच रोट होते. मी सगळे खाल्ले. तो समोर बसून पाहत होता, साखरेमुळे हात आवरून. तिसऱ्यानंतर मी थांबलो तर म्हणाला, “खाय. छत्तीस सालना बाकी शे.” सोमवारी विसर्जनाला थांबलो, ज्ञानेश्वरच्या बरोबरीने मिरवणुकीत चाललो. काल रात्रीपासून पोट बिघडले आहे. कुठल्याही युद्धात माझी अशी अवस्था झाली नव्हती.

हजार प्रती माझ्या दिवाणखान्यात आल्या आहेत, एकही विकली गेलेली नाही, ते एका परीने बरेच झाले. पान एकशे बारा मी पेनाने दुरुस्त करतो आहे. एकेका प्रतीत. ‘आमच्या गावाकडचा माणूस आहे’ याच्यापुढे कंसात ‘हे मी खोटे बोललो’ असे लिहितो, आणि ‘एक शिपाई’ याच्या जागी ‘माझा थोरला भाऊ, शिपाई झुलाल’. आतापर्यंत एकशे चाळीस झाल्या. पहिली प्रत आजच भाऊला पोस्टाने पाठवली.

तुझा,
लीला

धुळे
१८ ऑगस्ट २०२५

चि. लीला,
अनेक आशीर्वाद.

आकड्यांवाचूनचं तुझं पहिलं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, बैलापाशी तर फारच. चारशे खुर्च्या माझ्यामुळे आल्या त्याचं पाप माझ्या माथी आहे, ते मी आनंदानं वाहीन. दुसऱ्यांदा वाचताना रडले. तिसऱ्यांदा शुद्धलेखन तपासलं. फोनवर मला व्यवस्थित ऐकू येतं, हेही आज कबूल करून टाकते. तुझी भाषणं टाळायला मी ते बहिरेपण घेतलं होतं. आता कर फोन.

राखी पौर्णिमेला गावी गेले होते. तू पोट धरून जळगावात पडलेला, म्हणून तुझी राखी भाऊच्याच हाताला बांधली. पुस्तक त्याला मिळालंय. ज्ञानेश्वरकडून पान एकशे बारा वाचून घेतलं त्यानं, मग स्वतः चष्मा लावून पाहिलं. पेनानं लिहिलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत होता. मी म्हटलं, झालं ना आता समाधान? तर उठला. मग पेटीतून त्याची जुनी सेवापुस्तिका काढली, बढतीची तारीख शोधली आणि माझ्यासमोर धरली.

त्याचा निरोप जसाच्या तसा लिहिते, कारण तो दाराशी उभा राहून मी उतरवून घेते की नाही ते बघत होता.

“‘भाऊ’ लिखं ते चांगलं कयं. पन शिपाई नही. एकोणनव्वदमा मी नायक व्हतू. बठ्ठ्या प्रती परत दुरुस्त कर म्हना त्याले.”

हजारच्या हजार, लीला. आणि पुढच्या श्रावणात ज्या मुठी काढायच्या, त्यातली तुझ्या नावाची तू स्वतः येऊन घालायचीस, हाही त्याचाच हुकूम.

तुझी अक्का